तोंडी परीक्षा : गुणांची खिरापत की अध्यापनाची संधी?

फेब्रुवारी महिना लागला की माध्यमिक शाळांच्या फलकांवर दहावीच्या तोंडी परीक्षांचे वेळापत्रक झळकू लागते. लेखी परीक्षेपूर्वी मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांची तोंडी परीक्षा उरकून घ्यावयाची, गुणतक्ते भरून विभागीय मंडळाकडे रवाना करावयाचे आणि मुलांना पुढील अभ्यासासाठी मोकळे करावयाचे, असा हा शिरस्ता आहे. ‘उरकणे’ हाच शब्द या प्रसंगाला शोभतो. पटावर साठ मुले असली तरी दोन तासिकांत सर्वांची परीक्षा आटोपते. एकेक मूल टेबलाजवळ येते, पाठ केलेली कविता म्हणते किंवा ‘माय नेम इज’पासून सुरू होणारी ठरीव वाक्ये एका दमात सांगते आणि भरघोस गुण पदरात घेऊन जागेवर परतते. परीक्षकाने ऐकले काय आणि मुलाला त्यातून मिळाले काय, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. गुण मिळाले, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते.

या गुणांवरून काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात बरेच वादळ उठले होते, याचे स्मरण वाचकांना असेल. भाषाविषयांच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेने तोंडी अथवा अंतर्गत मूल्यमापनातून द्यावयाचे, ही पद्धत २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात बंद करण्यात आली. शाळा हे गुण सैल हाताने वाटतात आणि त्यामुळे निकाल फुगतो, असे कारण त्या वेळी पुढे आले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. केंद्रीय मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, आपली मुले मात्र अकरावीच्या प्रवेशात मागे पडतात, अशी ओरड पालकांनी आणि संस्थाचालकांनी केली. परिणामी २०१९-२० पासून ते वीस गुण पुन्हा बहाल झाले आणि मार्च २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. या चढउताराचे सारे श्रेय किंवा अपश्रेय एकट्या तोंडी परीक्षेला देणे अर्थातच बरोबर होणार नाही. २०१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदलले होते, तर २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द करावा लागला होता. तरीही वीस गुणांचे वजन केवढे आहे, याची कल्पना या आकड्यांवरून येते.

प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने या वादातील खरी शोकांतिका निराळी आहे. गुण काढणारे आणि गुण परत देणारे, हे दोन्ही पक्ष निकालाविषयीच बोलत होते. तोंडी परीक्षा ही संपूर्ण शालेय जीवनातील बहुधा एकमेव अशी घटका आहे की, जेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात, मूल बोलते आणि शिक्षकाला केवळ ऐकावयाचे असते. या घटकेचा उपयोग मुलाला बोलावयास शिकविण्यासाठी आणि शिक्षकाला आपले अध्यापन तपासण्यासाठी होऊ शकतो, हा विचार त्या चर्चेत कोठेच उमटला नाही.

खोट्या नाण्याचा नियम

तोंडी परीक्षेची अशी दशा का झाली, याचे उत्तर शिक्षकांच्या नीतिमत्तेत शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी ते अन्यत्र शोधील. हलके नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकून लावते, हा ग्रेशॅमचा नियम प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. एका गावात दोन शाळा आहेत अशी कल्पना करा. पहिल्या शाळेतील शिक्षक प्रत्येक मुलाचे बोलणे मन लावून ऐकतो आणि कोणाला नऊ, कोणाला बारा, कोणाला सतरा असे प्रामाणिक गुण देतो. दुसऱ्या शाळेत सरसकट एकोणीस गुण दिले जातात. गुणपत्रिकेवर दोन्ही शाळांचे गुण एकाच किमतीचे मानले जात असल्यामुळे पहिल्या शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची शिक्षा त्याच्याच मुलांना भोगावी लागते. संस्थाचालक त्याला जाब विचारतात, पालक नाराज होतात आणि पुढील वर्षी तोही शहाणा होतो. अशा रीतीने प्रामाणिक गुण चलनातून बाद होतात. यात कोणी दुष्ट असावा लागत नाही, व्यवस्थाच तशी रचलेली असली म्हणजे पुरे.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाची चर्चा करताना असाच एक सिद्धांत मांडला. एखाद्या मोजमापाचा उपयोग नियंत्रणासाठी होऊ लागला की त्याचा भरवसा ओसरतो, असे त्याचे सार आहे. परीक्षेला तो तंतोतंत लागू पडतो. ज्या गुणांवर शाळेचा निकाल, संस्थेची प्रतिष्ठा आणि मुलाचा अकरावीचा प्रवेश अवलंबून आहे, ते गुण देण्याचे काम त्याच शाळेकडे सोपवून वर सचोटीची अपेक्षा करणे म्हणजे दुकानदाराच्या हाती वजनमापांचे निरीक्षकपद देण्यासारखे आहे.

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी द्यावयाच्या इंग्रजीच्या परीक्षेत बोलणे आणि ऐकणे यांचे गुण शिक्षक देत असत. शाळाशाळांतील गुणदानात मेळ राहत नाही, या कारणाने २०१४ पासून ते गुण मुख्य श्रेणीतून वगळले गेले आणि त्यांची नोंद स्वतंत्रपणे होऊ लागली. या उपायाने श्रेणीचा भरवसा वाढला असेल. परंतु जे श्रेणीत नाही त्याला वर्गात वेळ मिळत नाही, हेही शिक्षकांना अनुभवाने माहीत आहे. गुण ठेवले तर परीक्षा खोटी होते आणि काढले तर विषयच अडगळीत पडतो, असा हा पेच आहे.

ऐकण्याची किंमत

या पेचातून वाट काढावयाची तर तोंडी परीक्षेकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. गुण हे तिचे एक उत्पादन झाले. तिची आणखी दोन उत्पादने आहेत : मुलाला मिळणारे मार्गदर्शन आणि शिक्षकाला मिळणारे ज्ञान. आज ती दोन्ही वाया जातात.

मुलाचा विचार प्रथम करू. निबंध तपासून मिळतो तेव्हा त्यावर लाल शाईच्या खुणा तरी असतात. बोलण्यावर अशा खुणा उमटत नाहीत. आपण घाईने बोलतो, वाक्य अर्धवट सोडतो, प्रश्न एक आणि उत्तर दुसरेच देतो, हे मुलाला कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. परीक्षेनंतर शिक्षकाने प्रत्येकाला दोनच वाक्ये सांगावीत : अमुक गोष्ट चांगली साधली आणि पुढच्या खेपेस अमुक एक सुधार. याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. मात्र पुढची खेप असावी लागते. वर्षाअखेर एकदाच होणाऱ्या परीक्षेत सुधारणेला जागाच नसते. जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी अशा तीन वेळा मुलाचे बोलणे ऐकले गेले आणि पहिल्या दोन खेपांना गुणांचा काच नसला, तर तीच परीक्षा शिकण्याची पायरी बनते.

विचारावयाचे काय, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पाठ केलेल्या कवितेवरून स्मरणशक्ती कळते, भाषा कळत नाही. त्याऐवजी मुलाला वर्तमानपत्रातील छोटी बातमी वाचावयास देऊन ती आपल्या शब्दांत सांगावयास लावावी. बसस्थानकापासून शाळेपर्यंतची वाट परगावच्या पाहुण्याला समजावून सांगण्यास सांगावे. दोन मुलांना समोरासमोर बसवून, गावातील पाण्याच्या टाकीची जागा कोठे असावी यावर मते मांडू द्यावीत. आणि एकदा तरी मुलाने परीक्षकाला प्रश्न विचारावा. आपल्या शिक्षणात प्रश्न विचारण्याचा मक्ता शिक्षकाकडे असतो. त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यालाही नेमका प्रश्न विचारता येत नाही, हे महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकाला जाणवते. लेखी उत्तरपत्रिकेत मागणीचा नियम आकृतीसह सुबक मांडणारा विद्यार्थी मौखिकीला समोर बसला आणि ‘कांद्याचा भाव पडला तर शेतकऱ्याने काय करावे?’ असे त्याला विचारले की गप्प होतो. कांद्याविषयी त्याला परीक्षकापेक्षा अधिक माहिती असते. परंतु माहिती असलेली गोष्ट चारचौघांत सांगण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते.

आता शिक्षकाचा विचार. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून एक साधी गोष्ट दाखविली. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी मुकी राहणारी मुलेही बोलू लागली. आपण किती कमी थांबतो, हे कोणत्याही शिक्षकाला आपणहून उमगत नाही. तोंडी परीक्षेचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले तर मात्र ते पहिल्या पाच मिनिटांत उमगते. पूर्वी त्यासाठी टेपरेकॉर्डर आणावा लागे. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात मोबाइल आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे दोन शाळांतील चार शिक्षकांनी एकत्र बसून तेच ध्वनिमुद्रण ऐकणे आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण देणे. एकाने बारा दिले, दुसऱ्याने सतरा. हा फरक का पडला, यावरची अर्ध्या तासाची चर्चा एखाद्या आठवड्याच्या शिबिराहून अधिक शिकवून जाईल. एकाला मुलाचा उच्चार खटकला असेल, दुसऱ्याला त्याची विचारांची मांडणी आवडली असेल. मग उच्चाराला किती महत्त्व द्यावयाचे आणि मांडणीला किती, हे ठरवावे लागते. म्हणजेच चांगले बोलणे कशाला म्हणावयाचे, हे शिक्षकांना प्रथमच शब्दांत मांडावे लागते. अध्यापनशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता असू शकेल?

अनुभव काय सांगतो

ही कल्पना हवेतली नाही. हाँगकाँगमध्ये २००७ च्या शालान्त परीक्षेपासून इंग्रजीचे पंधरा टक्के गुण शाळेतील शिक्षकांकडे टप्प्याटप्प्याने सोपविले गेले. मुलांनी पुस्तके वाचावीत, चित्रपट पाहावेत आणि त्यांवर लहान गटांत चर्चा करावी किंवा एकट्याने बोलावे, आणि रोजच्या वर्गशिक्षकानेच ते ऐकून गुण द्यावेत, अशी योजना होती. मात्र गुणदानापूर्वी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि गुणांचा मेळ घालणाऱ्या बैठका हा त्या योजनेचाच भाग होता. परीक्षा आणि प्रशिक्षण यांची तेथे फारकत केली गेली नाही.

आपल्या देशातील उदाहरण तर याहून बोलके आहे. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होत आली आहे. तिचे साधन म्हणजे एक कागद : त्यावर काही अक्षरे, काही शब्द, एक सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. स्वयंसेवक घरी जातो, मुलाजवळ बसतो आणि ते वाचत असता ऐकतो. एवढ्या साध्या तोंडी चाचणीने ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे २०१८ च्या अहवालात दाखविले. पटसंख्या आणि निकालाच्या आकड्यांत ही गोष्ट झाकून राहिली होती. त्याहून महत्त्वाचे असे की, मुलाचे वाचन ऐकावे, इयत्ता न पाहता पातळीप्रमाणे गट पाडावेत आणि तेथून शिकवावे, ही पद्धत त्याच ऐकण्यातून उभी राहिली. ‘प्रथम’च्या कामाची शास्त्रीय तपासणी ज्यांनी केली, त्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याने चाचणी घेतली त्याचेच शिकविणे बदलले, हा या अनुभवाचा मथितार्थ आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. परंतु ‘अर्थ समजून’ हे शब्द गळून पडले आणि साठ हा आकडा तेवढा उरला, तर मुलांची शब्दांवरून धावण्याची शर्यत सुरू होईल. गुडहार्टचा नियम तिसरीच्या वर्गालाही सोडत नाही.

बीड जिल्ह्याचा प्रश्न

आमच्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तेव्हा उच्च शिक्षणाचे दार उर्दूतून उघडत असे. घरची भाषा आणि परीक्षेची भाषा निराळी असली म्हणजे मुलाच्या तोंडाला कुलूप कसे लागते, याचा अनुभव येथील दोन-तीन पिढ्यांनी घेतला आहे. मराठवाडा मुक्त झाल्यावर परीक्षा मराठीत आली. पण ते कुलूप पुरते उघडले, असे म्हणता येत नाही. ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणणारे पाटोद्याचे किंवा वडवणीचे मूल तोंडी परीक्षेत बोलू लागले की त्याला पहिल्याच वाक्याला टोकले जाते. तांड्यावरच्या मुलाची घरची बोली बंजारा, तर अनेक मुस्लिम मुलांची दखनी. त्यांना तर मराठी ही पायरी चढूनच गाठावयाची असते. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी आहे, त्या परिसरातील बोलीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुलाला प्रमाण मराठी आली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र तिचा रस्ता त्याच्या बोलीतून जातो. जे मूल बोलतच नाही, त्याची भाषा सुधारणार कशी?

ऊसतोडणीचा हंगाम हा दुसरा प्रश्न. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांची काही मुले कोपीवर जातात, काही आजीआजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पाच महिन्यांच्या खंडानंतर परतलेल्या मुलाला काय येते आणि काय निसटले, हे लेखी चाचणीतून कळणे कठीण. कारण ज्याला लिहिताच येत नाही त्याचा कागद कोराच राहतो. दहा मिनिटे जवळ बसवून त्याला बोलू आणि वाचू दिले तर शिक्षकाला नेमका ठाव लागतो. या मुलांसाठी तोंडी चाचणी हाच शिकण्याचा तुटलेला धागा पुन्हा हाती घेण्याचा मार्ग आहे.

आक्षेप आणि उपाय

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल आणि तो रास्त आहे. मतदारयाद्यांपासून तऱ्हेतऱ्हेच्या नोंदींपर्यंत अनेक कामांचा बोजा शिक्षकावर आहे. तेव्हा हिशेबच मांडू. साठ मुले आणि प्रत्येकी आठ मिनिटे म्हणजे आठ तास. तीन खेपांचे चोवीस तास होतात. मुले जोडीने बोलली तर हा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. वर्षभरातील भाषेच्या तासिकांशी तुलना केली तर ही किंमत अवाजवी नाही. आणि यातून मुलाचे शिक्षण आणि शिक्षकाचे प्रशिक्षण अशी दोन्ही कामे साधत असल्यामुळे प्रशिक्षणासाठी शाळा सोडून जाण्याचे काही दिवस वाचतील. मात्र हे चोवीस तास शिक्षकाच्या डोक्यावर नव्या कामाची भर म्हणून न टाकता वेळापत्रकातच धरले गेले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते. तोंडी परीक्षेत मूल समोर असते. त्याचे आडनाव, कपडे, वाडी आणि जात परीक्षकाला ठाऊक असते. पक्षपाताची ही शक्यता नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच एकट्याच्या हाती गुण देऊ नयेत. एक परीक्षक शेजारच्या शाळेतला असावा, प्रत्येक श्रेणीसाठी काय अपेक्षित आहे हे आधी लिहून ठेवावे आणि काही ध्वनिमुद्रणे तिसऱ्याने ऐकावीत. आजच्या पद्धतीत सर्वांना एकोणीस देऊन पक्षपात टळतो असे वाटेल. वस्तुतः ज्याला घरी बोलावयास शिकविणारे कोणी नाही, त्या मुलाची फसवणूकच होते. त्याच्या हाती एकोणीस गुणांचा कागद येतो आणि पहिल्याच मुलाखतीत त्याला कळते की तो कागद वटत नाही.

यासाठी नवे खाते किंवा नवी इमारत नको आहे. केंद्रस्तरावर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतात. त्यांतील एक सत्र परिपत्रकांच्या वाचनाऐवजी चार मुलांची ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी राखून ठेवावे. माध्यमिक शाळांनी शेजारच्या शाळांशी याच धर्तीवर जोड्या कराव्यात. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने बीड, केज, परळी, आष्टी अशा निरनिराळ्या तालुक्यांतील मुलांच्या बोलण्याचे नमुने, पालकांच्या संमतीने आणि मुलांची नावे वगळून, जमवावेत आणि कोणत्या बोलण्याला कोणती श्रेणी, याचा एक संच तयार करावा. मंडळाने वीस गुण राहू द्यावेत. पण शाळेचे तोंडी गुण आणि लेखी गुण यांत फार मोठी तफावत आढळली तर त्या शाळेला जाब विचारण्यापूर्वी मदतीचा हात द्यावा. प्रामाणिक शिक्षकाला आज एकाकी वाटते. शेजारची शाळाही त्याच मापाने मोजते, अशी खात्री पटली की त्याचे नाणे पुन्हा चलनात येईल.

येत्या वर्षी ही परीक्षा पुन्हा होईल, गुणतक्ते पुन्हा भरले जातील. मंडळाच्या आदेशाची वाट न पाहता एका शाळेतील दोन भाषाशिक्षकांनी जरी जुलैमध्ये मुलांना एकदा बोलते केले आणि संध्याकाळी बसून ते बोलणे ऐकले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्याला खर्च शून्य आहे आणि परवानगी कोणाचीच लागत नाही.